तुम्ही विचारलंत म्हणून: हाफकिन आणि तूप

परळला राहते आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "इथल्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते, प्लेगची लस काढणारे हाफकिन इंग्रज होते ना हो?"

नाही. वाल्देमार हाफकिन ज्यू, ओदेसाचे. ते शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि ऑक्टोबरात हाफकिन इथे हजर. ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली ती एवढीशी; मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई.

१० जानेवारी १८९७ ला प्लेगची लसही त्यांनी आधी स्वतःलाच टोचली, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. तापही आला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना ती दिली गेली. पण मला विचाराल तर खरी गंमत आहे तुपात.

लस करायची तर जंतू भरपूर हवेत. चंबूत मांसाचा रस्सा घ्यायचा, गाळून अगदी नितळ केलेला, आणि वर तुपाचे चार थेंब तरंगत सोडायचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या अंगाला धरतात आणि तिथून खाली रश्श्यात लोंबू लागतात, जुन्या घराच्या आढ्याला जळमटं लोंबावीत तसे. चंबू जरा हलवला की सगळं तुटून तळाशी बसतं आणि थेंबांखाली नवी वाढ धरते. असं पुन्हा पुन्हा, काही आठवडे. मग तासभर तापवून जंतू मारायचे, टिकायला थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं आणि बाटल्या भरायच्या. रश्श्यावरचा तवंग ज्यानं पाहिलाय त्याला हे एका वाक्यात कळतं. माझ्या विद्यार्थ्यांना मात्र आकृती काढून द्यावी लागते.

"मग त्यांना काढून का टाकलं?" हा दुसरा प्रश्न. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं गेले. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. तरी खापर फुटलं मुंबईच्या प्रयोगशाळेवर, आणि हाफकिन निलंबित झाले. खरं तर गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. मदतनिसानं तो ज्योतीवर धरून निर्जंतुक न करता नुसता कार्बोलिकमध्ये विसळला आणि तसाच वापरला. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे भांडले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला गेला. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

प्रॅक्टिकलला कुणाचा चिमटा खाली पडला की मी काही बोलत नाही. बर्नरकडे बोट दाखवते.