तुम्ही विचारलंत म्हणून: ते सात सामने

"मग तो एनएचएलमध्ये का नाही गेला?" आमच्या आइस हॉकी खेळणाऱ्या धाकट्या मुलाबद्दल हे विचारतात इथे कॅनडातल्या मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशाला, पुण्याहून आलेल्या फोनवर. पाठोपाठ, जरा आवाज उतरवून, दुसरा प्रश्न: "इतकी वर्षं खेळून हाती काय लागलं?" आजवर मी "नाही जमलं" म्हणून चहा टाकायला उठत आले. आता एकदा नीट सांगते.

एनएचएल ही आइस हॉकीतली सगळ्यात वरची लीग. तिच्यात तेव्हा ३० संघ होते. सामन्यात प्रत्येक संघाचे साधारण सहा डिफेन्समन, म्हणजे आमच्या धाकट्यासारखे बचाव करणारे, आळीपाळीनं बर्फावर उतरतात. म्हणजे १८० जागा, आणि त्यांच्यासाठी कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशियातली पोरं चालायला लागल्यापासून स्केट बांधून तयार. त्याखाली एएचएल, तिच्याखाली ईसीएचएल. आमच्या धाकट्याची इथली वर्षं बहुतेक ह्या तिसऱ्या पायरीवर गेली. हंगामाला ७२ सामने, रात्र-रात्र बसचा प्रवास, संघानं दिलेली राहायची जागा, आणि आठवड्याचा पगार, तोही हंगाम असेपर्यंतच. जिल्हा कोर्टात जन्मभर वकिली केलेल्या माणसाला कुणी विचारतं का, सुप्रीम कोर्टात न्यायाधीश का नाही झालात म्हणून? त्याच्या कामाला "नाही जमलं" म्हणणारी मीच होते, ह्याचा मला आता राग येतो.

गोल करणं हे त्याचं काम नव्हतंच. पक म्हणजे १७० ग्रॅमचा टणक रबर, सामन्याआधी गोठवून ठेवलेला. समोरच्यानं तो मारायला काठी उचलली की हा गुडघे टेकून वाटेत आडवा. दुसरं काम त्याहून वाईट. समोरच्यांनी पक आपल्या कोपऱ्यात टाकला की वळून तो आणायला जायचं. तोंड बोर्डाकडे, म्हणजे कडेच्या भिंतीकडे, पाठ उघडी, आणि मागून नव्वद किलोचा माणूस पूर्ण वेगात येतोय. खांद्यावरून एकदा बघायचं आणि तेवढ्यात ठरवायचं, पक कुठे द्यायचा. तो हे इतक्या शांतपणे करायचा की एका गोलाची आघाडी असली की शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षक त्यालाच पाठवत. त्या कामाला टाळ्या पडत नाहीत. मी वाजवायचे.

शिकवलं का नाही, हेही विचारता. सोळाव्या वर्षी ओएचएलमध्ये, म्हणजे ओंटारिओच्या ज्युनियर लीगमध्ये, निवड झाली आणि तो दुसऱ्या गावी, अनोळखी कुटुंबात राहून खेळायला गेला. तिथे खेळलं की अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार बंद, असा तेव्हा नियम होता. आम्हाला तो माहीत होता. ह्यांचा विरोध होता, हट्ट माझा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलल्याची बातमी आली, त्या दिवशी मी घरात कुणाशी बोलले नाही. २०१२ मध्ये तो व्यावसायिक खेळायला निघाला, तर एनएचएलच्या मालकांनी टाळेबंदी केली. वरचे काही एएचएलमध्ये उतरले, एएचएलचे ईसीएचएलमध्ये, आणि ह्याच्यासारखे नवे जानेवारीपर्यंत घरी बसले. तेव्हा नशिबाला बोल लावता येत होता.

२०१६च्या जानेवारीचं तसं नाही.

आमच्या ब्रॅम्प्टनचा त्या वेळी ईसीएचएलमध्ये संघ होता, आणि ह्याचा संघ पाहुणा म्हणून आला. संक्रांत नुकतीच झाली होती. मंडळाची चाळीस माणसं आली, मी तिळगुळाचे दोन डबे नेले. दुसऱ्या पीरियडमध्ये पक कोपऱ्यात गेला, हा आणायला वळला. खांद्यावरून त्यानं बघितलं नाही. का नाही, ते त्यालाही सांगता येत नाही. बोर्डावर डोकं आपटल्याचा आवाज वरपर्यंत आला. तो उठला, बाकावर जाऊन बसला, एक शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरायची एक पाळी, चुकवली आणि पुन्हा उतरला. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सामन्यानंतर मागच्या दाराशी बस उभी होती. तो बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा नाही आले?" हे त्याच्या शेजारी होते, त्याची बॅग ह्यांच्याच हातात होती. "अरे हो," म्हणून तो हसला. हे बॅग ठेवायला बसकडे वळले. दोन मिनिटांनी पुन्हा, तशाच आवाजात, "बाबा नाही आले?"

बावीस वर्षं मी नर्स होते. डोक्याला मार लागलेल्यांना आज वार कोणता, तुम्ही आता कुठे आहात, हे मी रोज विचारत होते. त्याची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. त्यानं माझा हात बाजूला केला. "आई, कुणाला बोलू नकोस. सोमवारी वर बोलावतायत." एएचएल संघाचे दोन डिफेन्समन जायबंदी झाले होते. तात्पुरता करार, फार तर २५ सामन्यांचा. चार हंगाम त्यानं ह्या बोलावण्याची वाट पाहिली होती. संघाचा ट्रेनर चार पावलांवर पेट्या चढवत होता. मी त्याच्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "जप."

गाडीत ह्यांनी विचारलं, "बरा आहे ना?" मी म्हणाले, "दमलाय."

सात सामने खेळला तो वर. तुम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलंत, पेढे मागितलेत, मी दिले. सातव्यात साधा धक्का लागला आणि त्याला आपलं आपण उठता आलं नाही. पुढचे पाच महिने तो आमच्या तळघरात होता, खिडक्यांना चादरी लावून.

तो चोवीस वर्षांचा होता, निर्णय त्याचा होता, असं मी स्वतःला सांगते. तपासणं माझं काम नव्हतं, हेही सांगून पाहिलं. पण ओळखलं होतं फक्त मी. बोलले असते तर ते सात सामने झालेच नसते, आणि तो म्हणतो, "तू सांगितलं असतंस तर मी तुला कधीच माफ केलं नसतं." एखाद्या दिवशी एवढं पुरतं. बाकीच्या दिवशी मला ती चार पावलं दिसतात. सोळाव्या वर्षी हट्ट करणारी मी आणि बसपाशी गप्प राहिलेली मी एकच, असं हे एकदा म्हणाले. मी खूप भांडले. अजून उत्तर सापडलेलं नाही.

बरा झाल्यावर तो डेन्मार्क, स्लोव्हाकिया असा आणखी चार हंगाम खेळला. मार्च २०२० मध्ये रिंक बंद झाले तेव्हा थांबला. आता वायरिंगची कामं करतो, शनिवारी लहान मुलांना उलटं स्केटिंग शिकवतो. हाती काय लागलं, ते त्या मुलांच्या घोट्यांकडे बघून कळेल, पण त्यासाठी रिंकवर यावं लागेल तुम्हाला.

वरचे पहिले दोन सामने त्याला आठवत नाहीत. अजिबात नाही. अधूनमधून जेवताना विचारतो, "आई, पहिल्या सामन्यात कसा खेळलो गं मी?" मी तो लॅपटॉपवर पाहिला होता. सांगते: पहिल्याच शिफ्टला पक अडवलास, मग डावीकडून छान पास दिलास. दुसऱ्या पीरियडपाशी येऊन थांबते. तिथे तो शिफ्ट संपवून समोरच्या संघाच्या बाकाकडे गेला होता. दारापर्यंत. मग वळला. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. तो मराठी बोलतो, पण वाचत नाही, म्हणून इथे लिहिते.