पायताणापासून पर्सपर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापुरात चामड्याचं दुकान म्हटलं की आधी पायताण. आमचंही त्यातलंच. सुभाषनगर, जवाहरनगरच्या कारागिरांकडून माल घ्यायचा, विकायचा, तळ उसवला की शिवून द्यायचा. पर्स आली तर चेनचा रनर बदलायला, नाहीतर बंद तुटला म्हणून. आता दुकानातलं मोठं काम जुन्या लेदर पर्सचं आहे, आणि त्यातलं बरंचसं काम पर्स जुनी झाली म्हणून येत नाही. घरी कुणीतरी तिच्यावर प्रेमानं खोबरेल चोळलेलं असतं, म्हणून येतं. त्यामुळे घरी काय करता येतं आणि कुठे हात आवरायचा, हे गिऱ्हाइकाला सांगणं हाच आमच्या धंद्याचा अर्धा भाग झाला. तेच इथं लिहितो आहोत.

पायताणाच्या कामातून आलेली सवय आम्हाला आधी मोडावी लागली. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. ते पाणी पितं, तेल पितं, वापरानं काळवंडतं आणि त्यातच देखणं दिसतं. पर्सचं चामडं बहुतेक वेळा क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं आणि वर रंगाचा, लाखेसारखा थर असतो. त्यावर ओतलेलं तेल आत जातच नाही. वर चिकट राहतं, धूळ धरतं आणि साडीला लागतं.

म्हणून कुठलीही पर्स हातात आली की पहिलं काम ओळखण्याचं. फ्लॅपच्या आत किंवा पट्ट्याखाली, दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मिनिटभर थांबा. थेंब मुरला आणि जागा काळी पडली तर चामडं उघडं आहे, म्हणजे डागही तितक्याच लवकर पडणार. थेंब तसाच बसून राहिला तर वर रंगाचा थर आहे, किंवा ते चामडंच नाही. मग कापलेली कड बघा. चामड्याची कड तंतूंची, जराशी लोकरीसारखी असते. रेक्झिनच्या कडेला खाली कापड दिसतं आणि वर पातळ पापुद्रा. हा पापुद्रा खपल्या धरून सुटायला लागला असेल तर त्यावर इलाज नाही. पॉलियुरेथेनचा (प्लॅस्टिकसारखा) थर दमट हवेत आतूनच तुटत जातो. क्रीम लावून तो परत चिकटत नाही. अशी पर्स आम्ही काउंटरवरूनच परत देतो, पैसे घेत नाही.

दुसरी परीक्षा रंगाची. पांढरं ओलसर फडकं कोपऱ्यात पाच-सहा वेळा फिरवा. रंग उतरला तर ओल्या सफाईचा नाद सोडा. शांतिनिकेतनी पर्स याच जातीच्या. उठावाची नक्षी, लाल-हिरवा-तपकिरी रंग. आपल्याकडे 40-50 वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या ट्रंकांतून त्या अजून निघतात. त्यांचे रंग स्पिरिटमध्ये कालवून लावलेले असतात. बुरशीवर स्पिरिट लावा हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि याच पर्सवर तो लावला की बुरशीबरोबर नक्षीही फडक्यावर येते. तिला फक्त मऊ कोरडा ब्रश.

सफाईची पद्धत साधी आहे, क्रम मात्र चुकवू नका. पर्स पूर्ण रिकामी करा, अस्तर बाहेर ओढा, शिवणीतला कचरा जुन्या टूथब्रशनं काढा. मग बाहेरून कोरडा ब्रश. धूळ आधी काढली नाही तर ओल्या फडक्याखाली तीच वाळू चामडं खरवडते. त्यानंतर 1 लिटर पाण्यात लहान मुलांच्या शॅम्पूचे 3-4 थेंब. पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड असेल तर उत्तम. बोअरच्या पाण्यातला क्षार वाळल्यावर पांढरा दिसतो. फडकं बुडवा, घट्ट पिळा, फेस तेवढा घ्या आणि एक बाजू एका दमात कडेपासून कडेपर्यंत पुसा. मध्येच थांबलात तर जिथं थांबलात तिथं पाण्याची रेघ उमटते. मग साध्या ओल्या फडक्यानं एकदा, कोरड्यानं एकदा, आणि पंख्याखाली रात्रभर.

अंगाचा किंवा भांड्याचा साबण नको. चामडं जरा आम्ल असतं, साबणाची वडी अल्कली. हिरडा-बाभळीचं कातडं अल्कलीनं काळं पडतं, आणि तो काळेपणा परत उतरत नाही. पर्स बादलीत बुडवायची तर अजिबात नाही, कारण बऱ्याच पर्सच्या तळात आणि बाजूंत पुठ्ठा असतो. चामडं वाळेल, पुठ्ठा फुगून वाकडा होईल.

आमच्या धंद्याचा मोसम म्हणजे जुलै ते ऑक्टोबर. कोल्हापूरचा पाऊस, बंद कपाट, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पर्स. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी येणारच. पण पांढरं दिसलं की ती बुरशीच असं नाही. चामड्यातली चरबी वर येऊनही पांढरा थर धरतो. हेअर ड्रायर हातभर लांबून काही सेकंद धरा. चरबी असेल तर विरघळून दिसेनाशी होते, बुरशी असेल तर तशीच राहते. चरबी कोरड्या फडक्यानं पुसली की काम संपलं. बुरशी मात्र घरात झटकू नका. पर्स गच्चीवर न्या, तोंडाला मास्क लावा, ब्रशनं झाडा, ब्रश लगेच धुवा. मग 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड पाणी समभाग घेऊन फडकं जेमतेम ओलं करा आणि पुसा, तेही रंगाची परीक्षा उतरलेल्या पर्सवरच. वाळवणं सावलीत. उन्हानं बुरशी मरते हे खरं, पण त्याच उन्हानं चामडं ताठरतं आणि रंग उडतो.

पितळी बक्कलाभोवती हिरवं मेणासारखं काहीतरी साचतं, त्याला लोक बुरशीच समजतात. ती पितळेतल्या तांब्याची आणि चामड्यातल्या चरबीची मिळून झालेली घाण. पाण्यानं हलत नाही. लाकडी टूथपिकनं खरवडायची, कोपरा स्पिरिटच्या इअरबडनं पुसायचा. पितळ उजळायची पावडर किंवा पॉलिश वापरायचंच असेल तर बक्कलाखाली प्लॅस्टिकचा तुकडा सरकवा, कारण ते शिवणीत शिरलं की पांढरं कायमचं बसतं. आमचं मत विचाराल तर जुन्या पर्सचं पितळ चकचकीत करूच नये. मंद पिवळंच शोभतं. लोखंडी रिपीट (रिव्हेट) असेल तर वेगळी काळजी घ्या. हिरड्याचं कातडं ओलं होऊन लोखंडाला लागलं की निळाकाळा डाग पडतो. हिरडा आणि लोखंडापासून पूर्वी शाईच करत. तो डाग घरी काढण्याच्या फंदात पडू नका.

2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै, या दोन महापुरांनी आमच्या कामाची दिशा बदलली. शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क भागातून गाळानं भरलेल्या पर्स, बेल्ट, बॅगा आल्या. ज्या घरांनी चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्यानं धुतला त्यांच्या वस्तू बऱ्याच वाचल्या. उन्हात टाकून चिखल वाळवला त्यांच्या फार थोड्या. ओलं चामडं उष्णतेला फार नाजूक असतं. कोरडं असताना जी उष्णता सोसतं, तेवढ्यात ओलं असताना आक्रसून टणक होतं. म्हणून आधी गाळ धुवा, टॉवेलनं दाबून पाणी टिपा (चोळू नका), आत जुनं सुती कापड भरा, दर काही तासांनी ते बदला, पंखा लावा. वर्तमानपत्र भरलं तर छपाईची शाई अस्तरावर उतरते. थर नसलेलं चामडं अजून जरासं दमट आहे तोवर अगदी पातळ हातानं तेल द्या, म्हणजे वाळताना तंतू एकमेकांना चिकटून बसत नाहीत. नदीकाठच्या घरांना एवढंच सांगतो की पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की खालच्या कपाटातलं चामडं माळ्यावर टाकावं.

तेलाविषयी. थराच्या पर्सला तेल नकोच, पाण्यात मिसळणारं लेदर कंडिशनर बोटभर पुरतं. उघड्या चामड्याच्या मध्यम पर्सला अर्धा चमचा नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं) पुष्कळ, तेही आधी फडक्यावर. एक दिवस थांबा, अजून कोरडं वाटलं तरच पुन्हा. जास्त झालं तर चामडं लोंबतं, आकार सोडतं. खोबरेल 24 अंशांखाली थिजतं, म्हणून थंडीत पर्सवर पांढरे ठिपके येतात. शेंगतेलाला खवट वास येतो. जवसाचं तेल वाळून कडक होतं आणि घडीवर तडा जातो. चामडं हाताला लालसर भुकटी सोडत असेल तर तेल, पाणी काहीच लावू नका. ते आतून सडतंय आणि ओलाव्यानं आणखी काळं, कडक होईल.

शिवण हे आमचं खरं घरचं काम. टाके उसवले तर जुन्याच भोकांतून शिवायचं. शेजारी आरीनं नवीन भोकं पाडली की पट्टा पोस्टाच्या तिकिटासारखा तिथं फाटतो. बाजूच्या शिवणीला 0.6 मिलिमीटर, बंदाला 0.8 मिलिमीटर मेणवलेला पॉलिस्टर दोरा. लांबी शिवणीच्या चौपट घ्या. दोन्ही टोकांना बोथट सुया. सुरुवात उसवलेल्या जागेच्या तीन टाके आधी, शाबूत टाक्यांवरून. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर काढायच्या आणि दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. एक बाजू जास्त ओढली की टाका तिरका बसतो. शेवटी दोन-तीन टाके मागे यायचं, दोरा कापून टोक लायटरनं जेमतेम वितळवायचं. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे सैल पडतात, दोन सुयांच्या शिवणीत तसं होत नाही.

चेन लागते पण मागून उघडते, तेव्हा दात नाही, रनर झिजलेला असतो. पकडीनं त्याच्या मागच्या दोन्ही कडा किंचित दाबा. किंचितच, नाहीतर तो फुटतो. दातांवर मेणबत्ती घासा. तेल नको, कापडी पट्टीवर डाग पडतो.

कोपऱ्यांचा रंग उडाला म्हणून बूटपॉलिश लावून आलेल्या पर्स आम्ही ओळखून आहोत. पॉलिश आधी उतरवण्यातच दुप्पट वेळ जातो. अॅक्रिलिक लेदर कलर मिळतो तो घ्या. कोपरा स्पिरिटनं पुसून तेलकटपणा काढा, 600 नंबरच्या पॉलिशपेपरनं उठलेले तंतू बसवा, स्पंजनं अगदी पातळ चार-पाच हात द्या आणि दोन हातांमध्ये 15-20 मिनिटं जाऊ द्या. एक जाड हात दिलात तर पहिल्याच घडीला तडकेल. रंग जुळवताना नमुना वाळल्यावरच ताडून पाहा, ओला रंग फसवतो.

बॉलपेनची रेघ, परफ्यूमनं उडालेला रंग, अस्तराचा चिकटपणा, या कामांना आम्ही आधीच नाही म्हणतो किंवा किती जमेल ते लिहून देतो. अस्तर चिकट झालं तर ते बदलणं हाच मार्ग. बाकी पर्स दाखवायला आणताना पुसून, चकाकवून आणू नका, आहे तशी आणा. डाग कशाचा आहे ते त्यावरूनच कळतं. आणि निघालेलं बक्कल, तुटलेला रनर, सुटलेला चामड्याचा तुकडा पाकिटात घालून सोबत द्या. तशा मापाचं जुनं बक्कल बाजारात मिळेलच असं नाही.