हिरव्या अर्कातले रंग वेगळे करताना

पहिला कॉलम (सिलिका भरलेली काचेची उभी नळी, जिच्यातून मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे उतरतात) लावायची वेळ आली तेव्हा समोर पानांचा गडद हिरवा अर्क होता आणि त्यातले रंग सुटे करायचे होते. कॉलमला हात लावण्याआधी मी टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) प्लेटा, म्हणजे सिलिकाच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिलेल्या पट्ट्या, लावल्या. निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं, असं माझं पक्कं मत आहे.

प्लेटवर पेन्सिलीनेच रेघ ओढायची, कारण शाईतले रंगही सॉल्व्हंटबरोबर (विरघळवणाऱ्या द्रवाबरोबर) वर चढतात. रेघेवर कॅपिलरीने बारीक ठिपका द्यायचा. ठिपका बीकरमधल्या सॉल्व्हंटच्या पातळीच्या वर राहायला हवा, नाहीतर नमुना खालीच विरघळून जातो. मग सॉल्व्हंट वर सरकायला लागतो आणि त्या एका हिरव्या ठिपक्यातून पिवळा, करडा, निळसर हिरवा, पोपटी असे पट्टे सुटत जातात. ते पाहताना तत्त्व आपोआप कळतं. प्रत्येक रेणूला सिलिका धरून ठेवू पाहते आणि सॉल्व्हंट पुढे ओढतो. या ओढाताणीत ज्याची त्याची चाल वेगळी पडते. कॅरोटीनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन, त्यामुळे सिलिकाच्या ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटांना धरायला काहीच नाही, ते सगळ्यात वर जातं. ल्युटीन या दुसऱ्या पिवळ्या रंगाला स्वतःचे ओएच गट आहेत, ते खाली रेंगाळतं. क्लोरोफिल ए आणि बी यांच्यात फरक एवढाच की ए मध्ये जिथे मिथाइल गट आहे तिथे बी मध्ये अल्डिहाइड आहे, आणि तेवढ्यानेच बी मागे पडतं. रेणूतला एवढासा बदल प्लेटवर नुसत्या डोळ्यांनी दिसतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ठिपका 1.5 सेंमी चढला आणि सॉल्व्हंट 5 सेंमी, तर आरएफ, म्हणजे ठिपक्याचं अंतर भागिले सॉल्व्हंटचं अंतर, 0.3. कॉलमसाठी हवा असलेला पदार्थ साधारण 0.2 ते 0.3 च्या आसपास राहील असं मिश्रण निवडतात. मी हेक्झेन या सॉल्व्हंटमध्ये रंगांना जास्त जोराने पुढे ओढणाऱ्या इथाइल अ‍ॅसिटेटचं प्रमाण बदलत गेलो.

करड्या पट्ट्याने मात्र मला बराच वेळ अडवलं. तो फिओफायटिनचा, म्हणजे मॅग्नेशियम गमावलेल्या क्लोरोफिलचा. तो मुळात अर्कात होता की सिलिकाच्या किंचित आम्लपणामुळे प्लेटवर तयार झाला? याला एक सुंदर उपाय आहे. चौकोनी प्लेटच्या कोपऱ्यात ठिपका द्यायचा, एका दिशेने चालवायची, थोडा वेळ ठेवायची, मग 90 अंशांत फिरवून त्याच सॉल्व्हंटमध्ये पुन्हा चालवायची. काही बिघडलं नसेल तर सगळे ठिपके कर्णरेषेवर येतात. माझ्या प्लेटवर क्लोरोफिलच्या ठिपक्यांतून रेषेबाहेर करडे ठिपके निघाले होते. म्हणजे सिलिकावर जितका जास्त वेळ, तितकं क्लोरोफिल कमी. कॉलम रेंगाळू द्यायचा नाही, हे तेव्हाच ठरलं.

कॉलम भरणं हे सरावाचं काम. सिलिकाची हेक्झेनमध्ये स्लरी (पातळ लगदा) करून ओतायची, नळी बाहेरून हलके ठोकून बुडबुडे काढायचे, वर वाळूचा थर द्यायचा आणि सिलिका कधीच कोरडी पडू द्यायची नाही. भेग पडली की पट्टे वाकडे उतरतात. नमुना अगदी थोड्या सॉल्व्हंटमध्ये अलगद सोडला. नुसत्या हेक्झेनने पिवळं कॅरोटीन उतरलं, मग इथाइल अ‍ॅसिटेट वाढवत गेलो तसे बाकीचे. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅल्शियम कार्बोनेटच्या कॉलमवर पानांतले असेच रंग वेगळे केले आणि 1906 मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं.

एकेका फ्रॅक्शनची, म्हणजे कॉलममधून वेगळ्या नळीत गोळा केलेल्या भागाची, पुन्हा टीएलसी काढली, एकच ठिपका देणाऱ्या नळ्या एकत्र केल्या, दोन ठिपके देणाऱ्या बाजूला ठेवल्या. कॅरोटीन उजेडात आणि हवेत टिकत नाही, म्हणून फ्लास्कला फॉइल गुंडाळून सॉल्व्हंट कमी दाबावर, जास्त न तापवता उडवला.