ओग्बेचेनं एवढ्या टीमा का बदलल्या म्हणून विचारणाऱ्यांसाठी

नायजेरियाचा फुटबॉलर बार्थोलोम्यू ओग्बेचेचं नाव काढलं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एवढ्या टीमा का बदलल्या बे त्यानं, कुठं टिकला का नाही?" सोलापुरात पार्क मैदानाबाहेर चहाच्या गाड्यावर असो नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर, हे ऐकून ऐकून आता खरंच राग येतो, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो. भारतात खेळून गेलेल्या परदेशी स्ट्रायकर्समध्ये माझ्यासाठी तो सगळ्यात मोठा, आणि तो इतका पक्का झाला ते फिरला म्हणूनच, हे माझं ठाम मत आहे.

सुरुवातीपासून बघा. जन्म १ ऑक्टोबर १९८४, नायजेरियातलं ओगोजा. पोरवयातच पॅरिसला, पीएसजी म्हणजे पॅरिस सेंट-जर्मेन क्लबमध्ये. तेव्हाची पीएसजी आजच्यासारखी पैशात लोळणारी टीम नव्हती, पण ड्रेसिंग रूममध्ये जेजे ओकोचा होता, रोनाल्डिन्हो होता, असल्या माणसांबरोबर रोज सराव करत हा वाढला. मग २००२ चा वर्ल्डकप, जपान आणि कोरियातला, त्यात सतरा वर्षांचा ओग्बेचे नायजेरियाकडून अर्जेंटिनाविरुद्ध मैदानात! समोर बॅटिस्टुटा. मॅच १-० अशी गेली, गोल बॅटिस्टुटाचाच, आणि नायजेरिया ग्रुपमधूनच घरी परतली. तरी त्या वयात त्या मैदानावर उभं राहणं म्हणजे काय ते फुटबॉल बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पुढं पीएसजीत कायमची जागा काही मिळाली नाही. लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसना, बास्तिया, लोनवर मेट्झ, २००५ ला अबू धाबीचं अल जझीरा, मग स्पेनमध्ये अलावेस, वायाडोलिड, काडिझ. लोक ही यादी वाचतात आणि नाक मुरडतात, पण यादीमागं काय चाललंय ते कुणी बघत नाही. काडिझ त्याच सीझनला खालच्या डिव्हिजनला घसरलं. तिथून ग्रीसमध्ये कावालाला गेला, तर २०११ मध्ये ग्रीसमधलं मॅच फिक्सिंगचं प्रकरण उघडकीला आलं आणि त्यात कावाला क्लबलाच खाली ढकलून दिलं. आता ह्यात खेळाडूनं काय करायचं? बॅग भरायची आणि पुढचं काँट्रॅक्ट शोधायचं, दुसरं काय! तो इंग्लंडला मिडल्सब्रोला गेला, सेकंड डिव्हिजनमध्ये. आपल्या पूर्व भागातले किती लोक यंत्रमाग बंद पडल्यावर भिवंडीला गेले, पुण्याला गेले, त्यांना कुणी म्हणतं का की तुम्ही एका जागी टिकला नाहीत? पोटापाण्याचा प्रश्न आहे हो, आणि फुटबॉलरच्या हातात तर वर्षं पण मोजकीच असतात.

त्यानंतर हॉलंड. आधी काम्बुर, मग विलेम टू. तिथं तो बऱ्यापैकी रमला, गोल मारले, पण ह्या टीमा टीव्हीवर येत नाहीत त्यामुळं आपल्याला पत्ताच नव्हता.

आणि मग २०१८ ला, वय तेहेतीस, हा माणूस गुवाहाटीत उतरला. नॉर्थईस्ट युनायटेड. ह्या वयात आयएसएलला, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगला येणारे परदेशी खेळाडू म्हणजे पेन्शन घ्यायला आलेत असं आपण सरसकट धरून चालतो आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ते खरं पण असायचं. ह्यानं मात्र ऑक्टोबरमध्येच चेन्नईयनविरुद्ध त्यांच्याच मैदानात हॅटट्रिक ठोकली, मॅच नॉर्थईस्टनं ४-३ अशी काढली, आणि सीझनअखेर ह्याचे १२ गोल. नॉर्थईस्ट पहिल्यांदा सेमीफायनलला पोचली ती त्याच वर्षी. सेमीफायनल दोन मॅचची, म्हणजे दोन लेगची; बेंगळुरूविरुद्ध पहिला लेग २-१ जिंकले, पण ह्याला दुखापत झाली, दुसऱ्या लेगला हा नाही आणि तिथं ३-० मार खाल्ला. कॅप्टन नसला की टीम कशी मोडून पडते ते त्या रात्री दिसलं.

पुढच्या वर्षी कोच एल्को शाटोरी केरळा ब्लास्टर्सला गेला तसा हा पण गेला. १५ गोल! टीम रडतखडत चाललेली, मागं डिफेन्सचा पत्ता नाही, १ फेब्रुवारी २०२० ची कोचीतली मॅच आठवा, पुन्हा चेन्नईयन, ह्याची हॅटट्रिक आणि तरी ब्लास्टर्स ६-३ हरले. तीन गोल मारून हरलेला स्ट्रायकर. त्या मॅचनंतर माझा ह्याच्यावरचा जीव आणखीच वाढला कारण ३-० पिछाडीवर असताना पण तो बॉक्समध्ये तसाच जागा शोधत होता.

मुंबई सिटीत गेला तेव्हा ॲडम ले फोंड्रेबरोबर जागा वाटून घ्यावी लागली, गोल ८ च झाले, पण ते कुठं आणि कधी ते बघा ना. लीग शिल्डसाठी, म्हणजे टेबलला पहिलं येण्याच्या बक्षिसासाठी, शेवटची मॅच एटीके मोहन बागानविरुद्ध जिंकायलाच पाहिजे होती, मुंबई २-० जिंकली, एक गोल मुर्तदा फॉलचा आणि दुसरा ओग्बेचेचा. आणि १३ मार्च २०२१ ची फायनल, परत तीच टीम समोर, फातोर्डा, १-१, नव्वदावं मिनिट. लांबून बॉल आला, बागानच्या बॉक्सजवळ गोंधळ उडाला, गोलकीपर जागा सोडून पुढं आलेला, बॉल ओग्बेचेच्या पायात. फायनल आहे, शेवटचं मिनिट आहे, कुठलाही स्ट्रायकर तिथून स्वतः मारायला बघणार. ह्यानं मान वर केली आणि बिपिन सिंगला दिला. बिपिननं मारला, मुंबई चॅम्पियन. हायलाइट्समध्ये बिपिन दिसतो, तो बरोबरच आहे, पण तुम्ही तो क्लिप लावून एकदा फक्त ओग्बेचेकडं बघा. ही समज वीस वर्षं वेगवेगळ्या देशात, वेगवेगळ्या भाषांच्या ड्रेसिंग रूममध्ये घालवल्यावरच येते असं मला वाटतं.

मग हैदराबाद. इथं आमचं सोलापूर खऱ्या अर्थानं जागं झालं, कारण एक तर हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ, आणि पूर्व भागात निम्म्या घरांत तेलुगूच बोलतात. २०२१-२२ चा सगळा सीझन गोव्यात बंद दाराआड झाला त्यामुळं मोबाईलवरच बघितला. १८ गोल, वय सदतीस, सगळ्यात जास्त गोलचा गोल्डन बूट! एफसी गोव्याच्या कोरोचा एका सीझनमधला १८ चा रेकॉर्ड गाठला, आणि जानेवारीत ईस्ट बंगालविरुद्ध हॅटट्रिक मारून ४-० ची मॅच एकट्यानं फिरवली. आयएसएलच्या इतिहासातला सगळ्यात जास्त गोल मारणारा पण त्याच महिन्यात झाला. फायनलला समोर ह्याचीच जुनी टीम, केरळा ब्लास्टर्स. १-१, पेनल्टी, लक्ष्मीकांत कट्टीमणीनं तीन अडवल्या, हैदराबाद चॅम्पियन. सलग दोन वर्षं दोन वेगळ्या टीमकडून ट्रॉफी!

२०२२-२३ ला मॅचेस हैदराबादला गच्चीबौलीच्या मैदानावर आल्या तेव्हा दोस्ताबरोबर एसटीनं उमरगा, जहिराबाद करत गेलो. दोस्ताला सांगून ठेवलं होतं, बॉल कुठं पण असू दे, मी ह्याच्याकडंच बघणार आहे. आणि टीव्हीवर जे कधीच कळलं नव्हतं ते तिथं कळलं. विंगवरून क्रॉस यायच्या आधी बाकीचे सगळे गोलकडं पळत सुटतात, डिफेंडर पण त्यांच्या मागं, आणि हा बरोबर त्याच वेळी दोन पावलं मागं सरकतो. बस्स, दोन पावलं. मागच्या डिफेंडरकडं खांद्यावरून एकदा बघून घेतो, हात थोडासा बाहेर, म्हणजे तो माणूस अंगाला लागला की कळतं कुठं आहे ते. एकदा क्रॉस आलाच नाही, दुसऱ्यांदा जास्त उंच गेला, तरी प्रत्येक वेळी तीच दोन पावलं, तेच बघणं, चेहऱ्यावर वैताग नाही, हातवारे नाहीत. दोस्त म्हणाला, "आपण उगंच म्हणतो ह्याला गोल फुकट मिळतात." आपल्या पार्कवरच्या स्ट्रायकर पोरांना हे समोर बसून बघायला मिळायला पाहिजे होतं असं फार वाटलं, कारण आपल्याकडं सगळे बॉलमागं पळतात, रिकामी जागा कुणी बघतच नाही.

त्या शेवटच्या सीझनला १० गोल. म्हणजे १२, १५, ८, १८, १०. पाच सीझन, चार टीमा, ६३ गोल. सप्टेंबर २०२४ ला सुनील छेत्रीनं आधी ६३ ची बरोबरी केली आणि मग मोहन बागानविरुद्ध त्याच्या पुढं गेला. छेत्रीचं कौतुक मनापासून, आपला माणूस आहे आणि त्याच्याएवढं कुणी केलेलं नाही. पण त्या आठवड्यात ज्याचा रेकॉर्ड मोडला त्याच्याबद्दल आपल्याकडं दोन ओळी पण कुणी लिहिल्या नाहीत ह्याचं वाईट वाटलं. छेत्री २०१५ पासून आयएसएल खेळत आलेला, ह्याला मिळाली पाच वर्षं, ती पण तेहेतिशीनंतरची, आणि जवळजवळ दरवर्षी नवीन कोच, नवीन विंगर, नवीन शहर.

हैदराबादनं त्याला २०२३ ला सोडलं आणि पुढच्याच सीझनला ती टीम टेबलच्या तळाला गेली. त्याची कारणं वेगळी आणि बरीच आहेत, त्यावर परत कधीतरी लिहीन. पण अडतीस वर्षांच्या त्या माणसात अजून एक सीझन आणि आठ-दहा गोल नक्की शिल्लक होते, ह्यावर मी कुणाशी पण वाद घालायला तयार आहे.