माद्रिदच्या बारमध्ये किती वाजता जावे?

जून महिन्याच्या अखेरीस आम्ही माद्रिदला पोहोचलो तो बुधवार होता. सामान हॉटेलवर टाकून, अंघोळ उरकून, संध्याकाळी सातच्या सुमारास मी आणि माझी मैत्रीण ला लातिना भागातल्या कावा बाखा या गल्लीत शिरलो. थोडीशी वळणे घेत जाणाऱ्या या अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंना एकाला लागून एक बार आहेत, आणि जाण्यापूर्वी वाचलेल्या प्रत्येक माहितीत तिथल्या गर्दीचे, हास्यविनोदाचे आणि खांद्याला खांदा लावून उभे राहण्याचे वर्णन होते. आम्ही पाहिले ते असे : निम्म्या बारची दारे बंद, उरलेल्यांत एखाददुसरा पर्यटक, आणि आम्ही ज्या बारमध्ये गेलो तिथे काउंटरमागे ग्लास पुसत उभा असलेला एकटा माणूस. खायला काही मिळेल का, असे मैत्रिणीने तिच्या जुजबी स्पॅनिशमध्ये विचारले, तेव्हा स्वयंपाकघर साडेआठला उघडते असे त्याने अगदी नम्रपणे सांगितले आणि ऑलिव्हची छोटी वाटी पुढे सरकवली. बाहेर ऊन अजून रणरणत होते.

ते ऊन पाहूनच आमच्या चुकीचा उलगडा व्हायला हवा होता. नकाशावर पाहिले तर माद्रिद लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण त्याचे घड्याळ मात्र बर्लिनशी जुळवलेले आहे. १६ मार्च १९४० रोजी हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनमधली घड्याळे एक तास पुढे केली गेली आणि ती पुन्हा मागे आलीच नाहीत. त्यात उन्हाळ्यातला आणखी एक तास मिळवला की जूनमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास, आणि मावळतो रात्री पावणेदहा उलटून गेल्यावर. आम्ही संध्याकाळी सात वाजता बारमध्ये गेलो होतो असे घड्याळ सांगत असले, तरी सूर्याच्या हिशेबाने ती पावणेपाचची वेळ होती. पावणेपाचला रिकाम्या बारमध्ये बसून शहरात चैतन्य नाही अशी तक्रार करणे म्हणजे पडदा उघडण्यापूर्वी नाट्यगृहात जाऊन नटांना नावे ठेवण्यासारखे आहे.

घड्याळाइतकीच भाषाही याची साक्ष देते. रात्री आठ वाजता दुकानात शिरलो तरी ‘बुएनास तार्देस’, म्हणजे दुपारनंतरच्या वेळेचे अभिवादन, कानावर पडे. ‘मेदिओदिआ’ हा मध्यान्हाचा शब्द जेवण होईपर्यंत, म्हणजे दोन-अडीचपर्यंतही खुशाल वापरला जातो. पाहुण्याने आपल्या मनातली संध्याकाळ दोन तासांनी पुढे ढकलली की निम्मे काम झाले. मधल्या रिकाम्या वेळेचे आम्ही पुढे सोने केले, कारण प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ विनामूल्य पाहता येते. रांग लावून आत जायचे, गोयाची चित्रे पाहायची, आठला बाहेर काढले की चालत बारच्या दिशेने निघायचे, असा आमचा क्रम ठरून गेला.

गुरुवारी आम्ही त्याच गल्लीत सव्वाआठला गेलो, आणि माझ्या मते या शहरात बारमध्ये पाऊल ठेवण्याची सर्वांत शहाणपणाची वेळ हीच आहे. स्वयंपाकघर सुरू होण्याच्या बेतात असते, काउंटरला टेकायला जागा असते आणि बारमनला दोन शब्द बोलायला सवड असते. इथली बिअर ‘कान्या’ म्हणून मागायची. तो जेमतेम २०० मिलिलिटरचा लहान ग्लास असतो, कारण उष्ण हवेत मोठ्या ग्लासातली बिअर संपेपर्यंत कोमट होते. कान्या भरणे हे कसबाचे काम मानले जाते : ग्लास तिरका धरून आधी बिअर भरायची, क्षणभर थांबू द्यायची आणि मग वरचा दाट फेस वेगळा चढवायचा. सव्वाआठला ही उस्तवार निवांतपणे होताना पाहता येते. दहा वाजता तोच बारमन एका हाताने चार ग्लास धरून नळाखालून फिरवत असतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नसतो. ग्लास लहान असण्याचा आणखी एक उपयोग असा, की एका बारमध्ये एकच प्यावा, सोबत आलेला घास खावा, दोन-तीन युरो ठेवावेत आणि पुढच्या दारात जावे, ही इथली रीत त्यामुळे सहज पाळता येते. साडेआठ ते साडेदहा या दोन तासांत आम्ही चार बार पाहिले आणि तरीही पाय व डोके दोन्ही ठिकाणावर होते. साडेदहानंतर मंडळी टेबलांवर जेवायला बसतात, आणि नुसते पेय घेणाऱ्याला उभे राहायलाही जागा शोधावी लागते.

याच सुमारास पाहावा असा एक बार एचेगाराय रस्त्यावर आहे. ला बेनेन्सिया नावाच्या या जागेत दक्षिणेकडून येणारी शेरी ही वाइनच मिळते, दुसरी दारू नाही. धुराने आणि काळाने पिवळ्या-तपकिरी झालेल्या भिंती, जुनी पिंपे, आणि आपण काय घेतले त्याचा हिशेब खडूने लाकडी काउंटरवरच लिहिण्याची पद्धत. इथे छायाचित्र काढायचे नाही आणि बक्षिशी ठेवायची नाही. आम्ही लवकर गेलो म्हणून मांसानिल्या आणि फिनो या शेरीच्या दोन प्रकारांतला फरक मैत्रिणीला बारमनकडे विचारता आला. आमच्यानंतर अर्ध्या तासाने आलेल्यांना मात्र नुसते बोट दाखवून मागावे लागत होते, एवढा गोंगाट झाला होता.

तरीही माद्रिदमधली आमची खरी ‘रात्र’ रविवारी दुपारी झाली, असे मी म्हणेन. रविवारी सकाळी ला लातिनाच्या उतारावर एल रास्त्रो हा जुन्या-पान्या वस्तूंचा बाजार भरतो आणि तीनच्या सुमारास उठतो. बारानंतर बाजारातली माणसे हळूहळू वरच्या गल्ल्यांत चढू लागतात, आणि त्या वेळेला इथे स्वतंत्र नाव आहे : ‘ला ओरा देल बेर्मुत’, म्हणजे बेर्मुतची घटका. बेर्मुत ही कडवट-गोड, वनस्पतींच्या अर्काने सुवासिक केलेली वाइन असते. चांगल्या जुन्या बारमध्ये ती बाटलीतून न ओतता बिअरसारखी नळातून काढतात आणि बर्फ, संत्र्याची चकती व एक ऑलिव्ह घालून देतात. दुपारच्या मोठ्या जेवणाआधी भूक चाळवावी हा तिचा मूळ हेतू. पण मला मोह पडला तो तिथल्या माणसांचा. बाजारातून घेतलेला दिवा काखेत धरलेले आजोबा, बाबागाडी काउंटरला टेकवून उभे असलेले तरुण जोडपे, आदल्या रात्रीच्या जागरणाने डोळे लाल झालेली पोरे आणि चर्चमधून थेट आलेल्या, केस नीट बसवलेल्या तीन बायका, हे सगळे एकाच फूटभर रुंदीच्या फळीभोवती. शुक्रवारच्या रात्री एका वयाची माणसे एका बारमध्ये असतात. रविवारी दुपारी सगळे घर तिथे असते. बार म्हणजे मोहल्ल्याची बैठकीची खोली, असे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी ही वेळ चुकवू नये. आम्ही साडेबाराला गेलो आणि पावणेतीनला बाहेर पडलो, आणि त्या दिवशी रात्री आम्ही दोघी दहा वाजता झोपलो, याची मला मुळीच लाज वाटत नाही.

त्याआधीच्या शुक्रवारची गोष्ट थोडक्यातच सांगण्याजोगी आहे. मालासान्या हा भाग १९७५ मध्ये फ्रँकोच्या मृत्यूनंतर तरुणांच्या ‘मोविदा’ या सांस्कृतिक उसळीचे केंद्र होता, म्हणून तिथली मध्यरात्र पाहायचीच असा आमचा हट्ट होता. बारा वाजता पोहोचलो तर तिथेही आम्ही लवकरच होतो. कोपास, म्हणजे जेवणानंतरची जिन किंवा रमची मोठी पेये, घेणारी मंडळी एकनंतर जमू लागली. २०११ पासून बंदिस्त जागेत धूम्रपानाला बंदी असल्यामुळे निम्मे लोक दाराबाहेर, आणि आत संगीत इतके मोठे की शेजारी बसलेल्या मैत्रिणीशी मी खुणांनी बोलत होते. एका बारने तर दारातच पैसे मागितले, त्यात एक पेय धरलेले आहे असे सांगितले आणि आत गेल्यावर ते नाकारले. ज्याला नाचायचे आहे त्याने दीडनंतर जावे, पण ज्याला गप्पा मारायच्या आहेत त्याने ही रात्र आपली नाही हे आधीच मान्य करावे. गप्पांसाठी मंगळवार ते गुरुवार हे दिवस अधिक चांगले, कारण गर्दी स्थानिकांची असते आणि मोजकी असते. सोमवारी अनेक बारना सुटी असते. ऑगस्टमध्ये तर शहरच सुटीवर जाते, आणि लहान, कुटुंबाने चालवलेल्या बारच्या शटरवर ‘सुटीनिमित्त बंद’ अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसते. मुद्दाम बार पाहायला जाणाऱ्याने तो महिना टाळलेला बरा.

परतीचा विचारही वेळ ठरवतानाच करावा लागतो, विशेषतः दोन बायका एकट्या असताना. आम्ही गेलो तेव्हा मेट्रो रात्री दीडला थांबत असे आणि सकाळी सहाला सुरू होत असे. मधल्या काळासाठी सिबेलेस चौकातून ‘बुओ’, म्हणजे घुबड, या नावाच्या रात्रीच्या बस सुटतात. शुक्रवारी आम्ही अडीचची घुबड पकडली. बस भरलेली, रस्ता उजळलेला, पदपथावर आमच्या आईच्या वयाच्या बायका चालत होत्या, त्यामुळे वाटलेली धास्ती चौकातच विरली. रात्र उशिरापर्यंत जागी असण्याचा हा लाभ आहे : रिकामे रस्ते फारसे वाट्याला येत नाहीत.

मंगळवारी आमचे विमान सकाळी लवकर होते. साडेपाचला बॅगा ओढत पुएर्ता देल सोल या मध्यवर्ती चौकाकडे निघालो, तेव्हा बाजूच्या बोळातून, १८९४ पासून चाललेल्या सान खिनेस या चॉकलेटच्या दुकानाच्या दिशेने, एक घोळका उत्साहाने निघाला होता. एकीच्या हातात स्वतःचेच उंच टाचांचे बूट होते. सहाची पहिली मेट्रो आली, आणि डब्यात अर्धे आमच्यासारखे तोंड धुऊन निघालेले व अर्धे घरी झोपायला चाललेले असे बसलो. समोरच्या मुलाने डोळे मिटण्यापूर्वी आम्हाला ‘बुएनास नोचेस’, म्हणजे शुभ रात्री, म्हटले, आणि मैत्रिणीने त्याला ‘बुएनोस दिआस’, म्हणजे सुप्रभात, असे उत्तर दिले.