सहाचं जेवण दहाला

"पुस्तक कुठलंही द्या, पण जेवण वेळेवर मिळेल असं द्या," असं म्हणत बाईंनी पर्स काउंटरवर ठेवली. पुस्तकांच्या दुकानात पाककृतींचा विभाग मी सांभाळतो. भेट द्यायला पुस्तक घेणारे सहसा आपलं बजेट सांगतात आणि 'चित्रं चांगली हवीत' एवढंच म्हणतात. वेळेची तक्रार घेऊन कुणी येत नाही.

पुस्तक त्यांच्या यजमानांसाठी हवं होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांना मागच्या अंगणात बार्बेक्यू करायचा नाद लागला होता. "आमचे हे पाहुण्यांना सहाला बोलावतात आणि ताटं वाढायला दहा वाजतात. विचारलं की 'होतंय, होतंय'. पाहुणे शेंगदाणे खाऊन पोट भरतात हो!" मुलानं फोनवर एक नाव सुचवलं होतं, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणलं होतं: फ्रँकलिन.

ते पुस्तक कपाटात होतं. 'फ्रँकलिन बार्बेक्यू: अ मीट-स्मोकिंग मॅनिफेस्टो', २०१५ चं. ॲरन फ्रँकलिननं टेक्सासमधल्या ऑस्टिनला २००९ मध्ये एका ट्रेलरमधून विक्री सुरू केली, आणि पुस्तक आलं त्याच वर्षी त्याला जेम्स बिअर्ड पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातला मानाचा पुरस्कार, मिळाला. नावाला वजन आहे, विकायला काही सांगावं लागत नाही. पण बार्बेक्यूचं पुस्तक मागणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: ते शिजवतात कशावर?

"ती गोल, काळी, झाकणाची आहे ना, तिच्यावर," म्हणत त्यांनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. केटल ग्रिल. जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसानं १९५२ मध्ये समुद्रातल्या बोयासाठी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेसाठी, बनणारा धातूचा गोळा मधोमध कापून तयार केली, तीच घडण. मला मात्र ग्रिलपेक्षा आतलं दृश्य पाहायचं होतं. निखारे सगळे एका बाजूला रचलेले, मांसाचा मोठा तुकडा दुसऱ्या बाजूला आणि त्याखाली चरबी झेलायला पत्र्याचं भांडं. हे काम नवशिक्याचं नव्हे. आच थेट लागू न देता झाकणाखाली सावकाश शिजवायचं, हे गृहस्थांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून चिठ्ठीतलं पुस्तक मी बाजूला ठेवलं. फ्रँकलिनचा सगळा संसार ऑफसेट स्मोकरवर चालतो. त्यात आग बाजूच्या पेटीत, लाकडाचे ओंडके जाळून करतात आणि धूर आडव्या नळकांड्यातून मांसावरून जातो. पुस्तकाचा बराच भाग स्मोकर कसा बांधावा, लाकूड कसं निवडावं, आग कशी राखावी यावर आहे. पाककृती अगदी थोड्या. वाचायला झकास, पण कोळशाच्या केटलवाल्याला त्यातलं बरंचसं वापरता येणार नाही.

तोवर बाईंनी स्वतःच एक जाडजूड पुस्तक उचललं होतं, स्टीव्हन राइक्लेनचं 'द बार्बेक्यू! बायबल'. १९९८ चं, देशोदेशीच्या पाचशेहून जास्त पाककृती. "ह्यात भरपूर आहे," त्या म्हणाल्या. भरपूर आहेच, आणि दर रविवारी नवं काहीतरी करून बघणाऱ्याला मी डोळे मिटून तेच देतो. पण त्यातलं पुष्कळसं काही मिनिटांत भाजून होणारं. फोटोतले गृहस्थ मिनिटांच्या खेळातले नव्हते.

"चार तास 'होतंय' म्हणजे नक्की काय होत असतं?" मी विचारलं.

"म्हणतात, काटा सरकतच नाही. थर्मामीटर खुपसून बघत बसतात. साठच्या पुढे जातो आणि तिथेच अडतो. मग कोळसे घालतात, झाकण उघडतात, परत बंद करतात."

तेव्हा मामला उलगडला. अमेरिकेतले बार्बेक्यूवाले याला 'स्टॉल' म्हणतात. ब्रिस्केट (गुराच्या छातीचं मांस) किंवा डुकराच्या खांद्यासारखा मोठा तुकडा ११० अंश सेल्सियसच्या आसपासच्या धगीत ठेवला की आतलं तापमान सुरुवातीला भराभर चढतं आणि ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान येऊन तासन्‌तास जागेवर बसतं. आग कमी पडलेली नसते. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि अंगावरचा घाम वाळताना गार वाटतं तसंच ते मांसाला गार करत असतं. जेवढी उष्णता आत जाते तेवढी वाफेबरोबर निघून जाते. पृष्ठभाग सुकत आला की काटा पुन्हा हलतो. तो ९५ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत उतरवण्यात अर्थ नसतो, कारण मांस चिवट ठेवणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचं मऊ जिलेटिन व्हायला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात.

"म्हणजे हे थापा मारत नव्हते तर," बाई म्हणाल्या. आवाजात थोडी निराशाच होती.

मग मी 'मीटहेड: द सायन्स ऑफ ग्रेट बार्बेक्यू अँड ग्रिलिंग' काढलं. मीटहेड गोल्डविनचं, २०१६ चं. ग्रेग ब्लाँडर या भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी धरून त्यानं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले समज तपासून पाहिले आहेत. स्टॉलचं प्रकरण उघडून मी त्यांच्यापुढे ठेवलं. चष्मा लावून त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मुद्द्यालाच हात घातला: "मग ह्यांनी करायचं काय?"

काटा अडला की मांस फॉइलमध्ये किंवा जाड कागदात घट्ट गुंडाळायचं, बाष्पीभवन रोखलं जातं. वरची कडक साल थोडी मऊ पडते, त्यावरून हौशी लोक हमरीतुमरीवर येतात, ते सोडा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: पहाटेच सुरू करायचं, दुपारी संपवायचं आणि गुंडाळलेला तुकडा थर्माकोलच्या बंद पेटीत ठेवून द्यायचा. ६० अंशांच्या खाली जाऊ दिलं नाही तर कित्येक तास सुरक्षित राहतं, उलट मुरतं.

बाई वाचत होत्या तोवर मी माझी नेहमीची तपासणी उरकली. नवं पुस्तक आलं की मी आधी चिकन काढतो. 'रस पारदर्शक होईपर्यंत शिजवा' एवढ्यावर भागवलं असेल तर पुस्तक मनातून उतरतं. आत ७४ अंश झाले पाहिजेत, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. मग मीठ. अमेरिकी पुस्तकांत कोशर मीठ, म्हणजे जाडसर मीठ, कपानं मोजतात, आणि डायमंड क्रिस्टल या कंपनीचं एका कपात सुमारे १४० ग्रॅम मावतं तर मॉर्टनचं २४० च्या आसपास. कंपनी किंवा वजन न देता नुसतं 'एक कप' लिहिणाऱ्या लेखकानं स्वतःचीच पाककृती दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कधी करून पाहिलेली नसते, असं माझं मत आहे. मुखपृष्ठावरच्या चकचकीत फासळ्यांकडे मी सगळ्यात शेवटी बघतो.

बाई पुस्तक घेऊन गेल्या.

काही आठवड्यांनी एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ तेच पुस्तक काखोटीला मारून आले. पानापानांत चिठ्ठ्या. आल्या आल्या भांडणाचाच सूर: "ह्यात लिहिलंय, धुरासाठी लाकडाचे तुकडे भिजत घालून काही उपयोग नाही. पाणी म्हणे आत शिरतच नाही! मी इतकी वर्षं रात्रभर बादलीत भिजवतोय." मी म्हटलं, भिजवण्याआधी आणि नंतर वजन करून बघा. "केलं ना. म्हणून तर राग आला."

जेवणाची वेळ काय म्हणते, ते मी विचारलं.

"साडेसातवर आणलंय," ते म्हणाले. मग दाराबाहेर गाडीत बसलेल्या बाईंकडे एक नजर टाकून हळूच म्हणाले, "ते फ्रँकलिनचं आहे का हो अजून? स्मोकर बांधायचं प्रकरण जरा बघायचंय."

"तुमच्याकडे तर केटल आहे."

"सध्या," ते म्हणाले. "आणि बिल वेगळं करा. हिला आत्ताच काही सांगू नका."