चार बोल्टांचं काम

आम्ही मोटारसायकलच्या काचा आणि फेअरिंग, म्हणजे गाडीच्या पुढचं प्लॅस्टिकचं कवच, बसवतो. पण आमच्या दुकानाची सुरुवात मोटारसायकलपासून झालीच नाही. वडील पुण्यात सोमवार पेठेत अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या करायचे. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, सोसायट्यांच्या. बारीक करवतीनं अक्षर कापायचं, कडा घासायच्या आणि क्लोरोफॉर्मनं चिकटवायचं. शाळेतून आलो की तो गोडसर वास दारातच भेटायचा. मग फ्लेक्स आलं. रातोरात छापून मिळणाऱ्या बोर्डापुढं आमची अक्षरं कोण घेणार? 2004 मध्ये माळ्यावर शीट भरपूर होती, गिऱ्हाईक नव्हतं.

अशात एक बुलेटवाले काका तडकलेली काच घेऊन आले. मोटारसायकलच्या विंडशील्डला आमच्याकडं सगळे काचच म्हणतात, ती असते मात्र प्लॅस्टिकची. "पाटीवाले, एवढी कापून द्या." दिली. तीन आठवड्यांत परत आले, काचेला भोकापासून कडेपर्यंत तडा.

वडिलांनी काच उजेडात धरली आणि चूक कबूल केली. भोक अगदी बोल्टाच्या मापाचं पाडलं होतं. पाटी सावलीत गप बसते, गाडीवरची काच दिवसभर थरथरते आणि उन्हात वाढते. अर्धा मीटर रुंद अ‍ॅक्रिलिक 40 अंशांच्या फरकानं जवळपास दीड मिलिमीटर वाढतं, मागचा लोखंडी स्टे, म्हणजे काच धरणारा सांगाडा, पाव मिलिमीटरसुद्धा नाही. जागाच ठेवली नाही तर काच तडकणारच. तेव्हापासून 5 मिलिमीटरच्या बोल्टाला भोक मोठं ठेवून मध्ये रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारं रबरी कडं, घालतो. ड्रिलचं टोक घासून बोथट केलेलं असतं, शीटखाली लाकूड, आणि हात सावकाश. नवीन पोराला पहिले दोन महिने भंगार शीटवर भोकंच पाडायला लावतो. कंटाळून एकदोघं पळालेही.

बाजारात फेअरिंगच्या गाड्या वाढत होत्या. 2003 मध्ये करिझ्मा, 2007 मध्ये पल्सर 220, पुढच्या वर्षी आर 15. नाना पेठेतला स्पेअर पार्टचा बाजार आमच्यापासून जवळ. तिथले दुकानदार वायझर, म्हणजे फेअरिंगवरची छोटी काच, विकायचे आणि सांगायचे, बसवायला त्या पाटीवाल्याकडं जा. हे नाव अजून सुटलेलं नाही.

बुलेटची काच हँडलला धरलेली, हँडलबरोबर फिरते. फेअरिंग स्टेच्या आधारानं चासीला धरलेली, ती जागेवर आणि हँडल तिच्या आत फिरतं. यातली मेख आम्हाला एका पल्सरनं शिकवली. गाडी घसरलेली, मालकानं नवी फेअरिंग, नवा वायझर, सगळं आणलं होतं. बसवलं तर उजवीकडं बोटभर फट आणि डावीकडं पॅनेलवर पॅनेल चढलेलं. मी दिवसभर भोकं लांबवत बसलो. संध्याकाळी डबा घेऊन बायको आली. ती ब्लाउज शिवते. म्हणाली, "कागद दुमडून बेत ना आधी." खाकी कागद मधोमध दुमडून तिनं वायझरचा बेत कापला, उलगडून वायझरवर ठेवला. दोन्ही बाजू तंतोतंत. तोच कागद गाडीवर धरला तर भोकं जुळेनात. म्हणजे वायझर सरळ होता, वाकडा होता आतला स्टे. पडल्यावर वाकला होता आणि कुणी बघितलाच नव्हता. मी दिवसभर नव्या वायझरला वाकड्या हाडाच्या मापाचा करत होतो.

त्या दिवसापासून आमच्याकडं फेअरिंग उघडली की आधी स्टे तपासतात. गाडी सपाट फरशीवर सेंटर स्टँडला किंवा पॅडॉकला, म्हणजे मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडला, उभी करायची आणि छताच्या हुकाला गवंड्याचा ओळंबा लावायचा. दोरी आणि टाकीच्या झाकणाचा मध्य यांच्या रेषेत डोळा धरून स्टेअरिंगच्या वरच्या नटाचा मध्य बघायचा. मग दोरीपासून स्टेच्या दोन्ही कानांचं, म्हणजे बोल्ट बसतात त्या पट्ट्यांचं, अंतर मोजायचं. हँडलवरून माप घ्यायचं नाही, पडलेल्या गाडीचं हँडल खोटं बोलतं. स्टे सरळ झाला की निम्मं काम झालं.

उरलेलं काम संयमाचं. सगळे बोल्ट आधी हातानं दोन-तीन आटे, सैलच. मग पॅनेल बसवून दोन्हीकडची फट सारखी करायची आणि मधल्या बोल्टापासून बाहेर, थोडं थोडं आवळत जायचं. एकच बोल्ट पूर्ण आवळला की पुढचा कधीच समोर येत नाही. पितळी आट्यांचा रबरी नट असेल तर रबर फुगून धरलं की थांबायचं, आणखी पिळलं तर पितळ रबरातून सुटून नुसतं फिरत राहतं. शेवटी हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघायचं, केबल कुठं ओढली जाते का, क्लच लिव्हर काचेला लागतो का. आणि हेडलाइटचा झोत भिंतीवर तपासायचा.

चुका आमच्याही झाल्या. बोल्ट सुटू नयेत म्हणून एकदा आट्यांना लावायचं निळं औषध वायझरच्या बोल्टांना लावलं. लोखंडाला उत्तम, पण वायझरच्या पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकला विष. पंधरा दिवसांत भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उठल्या. सहा वायझर पदरचे भरून दिले. एका पावसाळ्यात पॉलिकार्बोनेट भट्टीतून काढलं तर आत बुडबुडेच बुडबुडे. दमट हवेत शीट पाणी पितं. आता वाकवण्याआधी तासन्‌तास कमी आचेवर वाळवतो, वीजबिल कितीही येवो. फेअरिंगचे तुटलेले कान मात्र फेकत नाही. त्याच एबीएस प्लॅस्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून खळ करतो आणि जाळी घालून नवा कान उभा करतो.

हिमालयन, डॉमिनार अशा गाड्या आल्यापासून लडाखला निघालेली मंडळी उंच काच मागतात. आम्ही आधी त्यांना गाडीवर बसवतो. काचेची वरची कड नाकाच्या रेषेत हवी, नजर वरून जायला हवी. काचेतून बघत चालवायची पाळी आली की रात्री पावसात समोरच्या दिव्यांचा नुसता चमचमाट होतो. काही जण ऐकत नाहीत, कपाळाएवढी घेऊन जातात आणि कापायला परत येतात. कापायचे पैसे मी घेतो.

पैशांवरून अजून वाद होतो. "चार बोल्टांचे एवढे?" ऑनलाइन मागवलेला वायझर घेऊन येणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. पूर्वी मी स्पष्टीकरण द्यायचो, आता भिंतीकडं बोट दाखवतो. तिथं खिळ्यांना खाकी बेत टांगलेत, बायकोच्या अक्षरात गाडीचं नाव आणि साल. मागच्या महिन्यात मोजले, 64 भरले. वडील आता काम करत नाहीत. खुर्चीवर बसतात, चालू गाडीच्या फेअरिंगवर बोटाचं पेर वाजवतात आणि कोणता ग्रोमेट गेलाय ते सांगतात. दहातले आठ वेळा बरोबर निघतं, उरलेले दोन वेळा आम्ही त्यांना सांगत नाही.

सोमवारी दुकान बंद असतं. वेळ ठरवून या आणि गाडी धुऊन आणा, पण काच डिझेलच्या फडक्यानं पुसू नका, साबणाचं पाणी पुरे. जुने बोल्ट, वॉशर, रबरं कितीही गंजलेली असली तरी डबीत घालून घेऊन या. कोणता लांब, कोणता आखूड, हे त्यांच्यावरूनच कळतं.